वाचलेल्या माणसाची कादंबरी वाचताना

एड्सवरची कादंबरी अभ्यासाला घेतली की हात आपोआप एका ठरलेल्या तक्त्याकडे जातो. कथानक, पात्रं, वातावरण, निवेदन, भाषा, आशय. रकाने भरत गेलं की शेवटी मृत्यू येतो, त्याच्यासमोर 'करुणा' असं लिहायचं आणि वही मिटायची. नायक मेलाच नाही तर मात्र या तक्त्याची पंचाईत होते. मरणाकडे जाणाऱ्या गोष्टीला चढण असते आणि शेवट आधीच ठरलेला असतो. जगत राहिलेल्या माणसाच्या हाती नुसते दिवस असतात. त्या दिवसांची कादंबरी लेखकानं कशी उभी केली, हे शोधायची एक कृती खाली दिली आहे. वाचनकट्ट्यासाठी टिपण करणाऱ्याला किंवा साहित्याच्या विद्यार्थ्याला ती एकट्यानंही करता येईल.

नमुना म्हणून आर्मिस्टेड मॉपिन या अमेरिकन लेखकाची 'मायकेल टॉलिव्हर लिव्ह्ज' ही २००७ सालची कादंबरी घेऊ. सॅन फ्रान्सिस्कोत राहणारा, बागकाम करून पोट भरणारा मायकेल टॉलिव्हर पंचावन्न वर्षांचा आहे. तो समलिंगी आहे, एचआयव्हीसह जगतो आहे आणि मेलेला नाही. नावातच सगळं सांगून टाकलं आहे, त्यामुळे 'शेवटी काय होतं' या प्रश्नावर वाचकाला ताणून धरायचा मार्ग लेखकानं स्वतःच बंद केला.

लागणारं सामान थोडं आहे: पुस्तक, पेन्सिल, वही आणि एकमेकांना चिकटवलेल्या चार-पाच कोऱ्या कागदांची लांब पट्टी. ही कादंबरी 'टेल्स ऑफ द सिटी' या मालिकेतली आहे, पण आधीचे सहा भाग वाचले नसतील तरी अडणार नाही. फक्त 'मोअर टेल्स ऑफ द सिटी'मधलं मायकेलनं आईला लिहिलेलं पत्र आणि 'बेबीकेक्स'ची पहिली काही प्रकरणं मिळवून वाचा.

१. आधी तारखांची पट्टी

पुस्तक उघडण्याआधी पट्टी आखा. वरच्या ओळीत बाहेरच्या जगाच्या तारखा, खालच्या ओळीत पुस्तकांच्या.

वरती लिहा: जून १९८१, लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुण पुरुषांच्या विचित्र न्यूमोनियाचा पहिला सरकारी अहवाल. १९८५, रक्ताची चाचणी उपलब्ध. मार्च १९८७, एझेडटी या पहिल्या औषधाला अमेरिकेत मंजुरी. डिसेंबर १९९५, पहिल्या प्रोटिएझ इन्हिबिटरला, म्हणजे नव्या प्रकारच्या एचआयव्हीविरोधी औषधाला, मंजुरी. १९९६, तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली आणि अंथरुणाला खिळलेली माणसं उठून कामाला जाऊ लागली.

खालती लिहा: १९७६, 'टेल्स ऑफ द सिटी' ही मालिका 'सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल' या दैनिकात सुरू. पुस्तकरूपानं १९७८, १९८०, १९८२, १९८४, १९८७, १९८९. आणि मग एकदम २००७.

आता दोन्ही ओळी एकत्र पाहा. १९८२ आणि १९८४च्या पुस्तकांमध्ये जी मोकळी जागा दिसते, तिच्यात मायकेलचा जोडीदार जॉन फील्डिंग एड्सनं मरतो. 'बेबीकेक्स' उघडतं तेव्हा तो आधीच गेलेला आहे. अंथरूण नाही, अखेरचे शब्द नाहीत. वाचकाला ते असं कळतं, जसं गावाबाहेर राहून आलेल्या माणसाला कळावं. दुसरी मोकळी जागा १९८९ ते २००७ अशी अठरा वर्षांची, आणि ज्या उपचारानं मायकेल वाचला तो नेमका हिच्यात येऊन जातो. म्हणजे या मालिकेतलं सगळ्यात मोठं मरण आणि सगळ्यात मोठं जगणं, दोन्ही पानाबाहेर घडली आहेत.

मला विचाराल तर या कादंबरीचा सगळ्यात महत्त्वाचा वाङ्मयीन घटक हाच आहे, आणि तो कुठल्याच तक्त्यात सापडत नाही. रोग ज्या वेगानं आला आणि औषध ज्या वेगानं आलं, तो वेग प्रसंगात मांडला असता तर नाट्य मिळालं असतं, पण खरेपणा गेला असता. ज्यांनी ती वर्षं काढली त्यांना मधलं सगळं धूसर आठवतं, हे मॉपिनला पक्कं ठाऊक आहे. म्हणून पट्टीवरच्या या दोन मोकळ्या जागांना पेन्सिलीनं चौकट करा. पुढच्या प्रत्येक पायरीला त्यांच्याकडे परत यायचं आहे.

मुंबई-पुण्याच्या वाचकानं वरच्या ओळीत आणखी दोन तारखा घालाव्यात. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीनं तीन औषधांचा मेळ वर्षाला सुमारे ३५० डॉलरला देऊ केला. तोवर पाश्चात्त्य कंपन्यांचा दर दहा हजार डॉलरच्या वर होता. आणि १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारनं मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधयोजना, सुरू केली, पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. मायकेल १९९६ नंतर वाचला. तोच आजार असलेल्या आपल्याकडच्या माणसाला आणखी आठ वर्षं तग धरावा लागला. कादंबरी हे सांगत नाही, ते तिचं कामही नाही, पण वाचणाऱ्याच्या पट्टीवर ते असायला हवं.

२. सांगतो कोण ते पाहा

आधीचे सहाही भाग तृतीयपुरुषी आहेत. निवेदक कुणाच्याही खोलीत शिरतो, बरंचसं काम संवादांवर चालतं, प्रकरणं आखूड. वर्तमानपत्राच्या रोजच्या जागेनं ही शिस्त लावली होती. क्रमशः लिखाणाची ही चाल मराठी वाचकाला नवी नाही. ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' 'करमणूक'मधून अशीच हप्त्याहप्त्यानं आली आणि तिथे यमू स्वतःच 'मी' म्हणून बोलते. मॉपिननं मात्र 'मी' वापरायला २००७ पर्यंत वाट पाहिली. सुरुवातीला तो या पुस्तकाला मालिकेचा सातवा भाग म्हणायलाही तयार नव्हता.

इथे एक छोटा प्रयोग करा. पहिल्या प्रकरणातला कोणताही परिच्छेद घ्या, 'मी'च्या जागी 'मायकेल' घालून आपल्या वहीत मराठीत लिहून काढा. लगेच कळेल की मजकूर तोच राहिला, पण हमी गेली. तृतीयपुरुषात मायकेल पुढच्या पानावर मरू शकतो. 'मी' बोलतो आहे म्हणजे तो निदान बोलत असेपर्यंत तरी आहे. सहा भाग ज्याच्या जिवाची धाकधूक वाटत होती, त्याला लेखकानं व्याकरणातच सुरक्षित करून टाकलं. २०१० सालचा पुढचा भाग पुन्हा तृतीयपुरुषात जातो, तेव्हा ही निवड सहज झालेली नाही हे उघड आहे.

याची किंमतही वहीत लिहा. 'मी' आला आणि शहर आकसलं. पूर्वी एका प्रकरणात पाच घरं फिरून यायची सोय होती, आता फक्त मायकेलला दिसतं तेवढंच दिसतं. जुन्या वाचकांना ते पुस्तक थोडं अरुंद वाटलं असेल तर त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

३. पहिलं पान दोनदा वाचा

कादंबरीच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅस्ट्रो या समलिंगी वस्तीतल्या रस्त्यावर मायकेलला एक ओळखीचा माणूस भेटतो. जुनी, फार जुनी ओळख. त्या माणसाला आश्चर्य वाटतं ते मायकेल भेटल्याचं नाही, तो जिवंत असल्याचं. पहिल्या वाचनात हसा, प्रसंग हसण्यासारखाच आहे. दुसऱ्या वाचनात बघा की त्या दोघांच्या चार वाक्यांत न आलेली माणसं किती आहेत. त्या वस्तीत एका पिढीचे लोक एकमेकांना वर्षानुवर्षं दिसले नाहीत तर काय धरून चालायचे, हे स्पष्टीकरणाची एक ओळ न लिहिता समजतं. प्रस्तावना, पार्श्वभूमी, आकडे यांतलं काही द्यावं लागत नाही.

४. औषधांचा माग काढा

ज्या ज्या ठिकाणी गोळी, दवाखाना, थकवा, वजन, झोप, तपासणी यांचा उल्लेख येतो तिथे समासात खूण करा. नंतर प्रत्येक खुणेपुढे दोनपैकी एक शब्द लिहा: 'आजार' किंवा 'वय'.

तुलनेसाठी १९८९ च्या 'शुअर ऑफ यू'मधला बीपर लक्षात ठेवा. एझेडटी तेव्हा दर चार तासांनी घ्यावं लागे, आणि मायकेलचा बीपर वाजला की जेवणाच्या टेबलावरच्या सगळ्यांना वेळ कळत असे. कुठल्याही उपमेची गरज नसलेली ती वस्तू आहे. एका आवाजात धास्ती, शिस्त आणि थोडी शरम, सगळं येतं. २००७ मध्ये औषधं आहेतच, पण त्यांचा आवाज उरलेला नाही. अनेक ठिकाणी तुम्हाला 'आजार' लिहावं की 'वय' हे ठरवता येणार नाही. पंचावन्नाव्या वर्षी दुखणारा गुडघा कुणाचा, विषाणूचा की गुडघ्याचा? जिथे ठरवता येत नाही तिथे प्रश्नचिन्ह करा. जितकी प्रश्नचिन्हं जास्त, तितकी कादंबरी तुम्हाला नीट कळते आहे. म्हातारपण ही या पिढीला न परवडणारी चैन वाटत होती. ती मिळाल्यावर तिची कुरकूर करायलाही मायकेल मोकळा झाला आहे, आणि त्याची कुरकूर वाचनीय आहे.

एक सावधगिरी. पुस्तक २००७ चं आहे. औषधं नीट चालू असून रक्तात विषाणू सापडत नसेल तर शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे स्वित्झर्लंडच्या तज्ज्ञांनी जाहीरपणे मांडलं ते २००८ साली, आणि मोठ्या अभ्यासांनी त्यावर शिक्कामोर्तब व्हायला आणखी काही वर्षं गेली. तेव्हा पात्रांच्या काळजीला आजच्या माहितीनं हसू नका.

५. दोन अंथरुणं

आता कथानक. खरं तर ते दोन ओळींत सांगता येतं. मायकेल आपल्यापेक्षा एकवीस वर्षांनी लहान असलेल्या बेनबरोबर सुखानं राहतो. फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत त्याची आई मरणपंथाला लागली आहे, आणि इकडे सॅन फ्रान्सिस्कोत ॲना मॅड्रिगल, त्याची जुनी घरमालकीण, पंच्याऐंशीच्या घरातली, अचानक गंभीर आजारी पडते. कुणाजवळ बसायचं?

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. वहीचं पान उभं दुमडून डावीकडे 'आई' आणि उजवीकडे 'ॲना' लिहा.

आईच्या बाजूला १९७७ पासून सुरुवात करावी लागते. त्या वर्षी फ्लोरिडातल्या डेड काउंटीत गायिका अनिता ब्रायंट हिनं समलिंगींना मिळालेलं कायदेशीर संरक्षण काढून घेण्याची मोहीम चालवली. मॉपिननं त्याला उत्तर दिलं ते कादंबरीतून. मोहिमेत सामील झालेल्या आईला मायकेल पत्र लिहितो आणि आपण कोण आहोत ते सांगतो. मॉपिननं स्वतःच्या आईवडिलांनाही हे त्याच पत्रातून कळवलं. तीस वर्षांनंतर ती आई अजून तिथेच आहे, देवाधर्माच्या माणसांत. मुलगा जिवंत आहे, आणि दोघांमधलं अंतर मिटलेलंही नाही, तुटलेलंही नाही.

ॲनाच्या बाजूला लिहा: पारलिंगी स्त्री, बार्बरी लेनवरच्या अठ्ठावीस नंबरच्या घराची मालकीण, भाडेकरूंना पोरांसारखं सांभाळणारी. तिनं मायकेलला जन्म दिलेला नाही, पण तो शहरात उपरा होता तेव्हा घर दिलं. मॉपिन अशा गोतावळ्याला रक्ताच्या कुटुंबापेक्षा वेगळं नाव देतो आणि त्याच नावाचं आत्मचरित्र त्यानं २०१७ मध्ये लिहिलं. मानलेली आई कुणाच्याही घरात असते. तिच्यासाठी जन्मदात्रीच्या शेवटच्या घटकेला गैरहजर राहणं मात्र फार थोड्यांच्या वाट्याला येतं. मायकेल ॲनाजवळ थांबतो.

बहुतेक वाचक इथे निवडीच्या नैतिकतेवर वाद घालतात. घालू द्या. टिपणात मात्र आधी दुसरी गोष्ट नोंदवा. पट्टीवर १९८९ कडे बोट ठेवा. तेव्हाच्या हिशेबानं अंथरुणात कोण असायला हवं होतं आणि उशाशी कोण? मायकेल अंथरुणात आणि या दोन बायका उशाशी. ज्या मुलाला त्या पुरणार होत्या तो त्यांना निरोप द्यायला जिवंत आहे. आईवडील आधी जाणं, मुलांनी मागे राहणं हा जगाचा साधा क्रम. एड्सनं हजारो घरांतून तो उलटा केला होता. या कादंबरीत तो पुन्हा सुलटा होतो, आणि त्यामुळे होणारं दुःखही साधं, सगळ्यांच्या घरात होतं तसं आहे. वाचण्याचं फळ म्हणून मॉपिन नायकाला विजय, सत्कार, उपदेश यांतलं काही देत नाही. चारचौघांसारखा शोक देतो. सगळ्या कादंबरीचं वजन मला इथे दिसतं.

तरी एक तक्रार नोंदवतोच. मायकेलचा भाऊ आणि भावजय यांची धार्मिकता रंगवताना लेखकाचा हात जड पडला आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या माणसांना जी अंतर्विसंगती मिळते ती ऑर्लँडोच्या माणसांना कमी मिळते. आई त्याला अपवाद आहे, म्हणूनच ती लक्षात राहते. डावीकडच्या रकान्यात ही नावं वेगळ्या शाईनं लिहा, म्हणजे पात्रं कुठे गोल आणि कुठे चपटी आहेत ते आपोआप उठून दिसेल.

६. स्थळ

यावर फार वेळ नको. फक्त एवढं टिपा की बार्बरी लेनचं घर आता ॲनाकडे नाही, ती दुसरीकडे लहानशा जागेत राहते. जुन्या वाचकाला त्या घरात परत जायचं असतं आणि लेखक जाऊ देत नाही. आठवणीतलं शहर आणि समोरचं शहर यांतलं अंतर एवढ्यानं कळतं.

७. विनोद कुठे थांबतो

मॉपिन हा मुळात विनोदी लेखक. आधीच्या भागांत योगायोगांची रेलचेल आहे, कुणीही कुठेही भेटतं, गुपितं दारामागून ऐकली जातात. पेन्सिलीनं हशाच्या जागांना टिंब द्या आणि मग टिंबं कुठे विरळ होतात ते पाहा. दवाखान्यातही ती पूर्ण थांबत नाहीत. मृत्यूच्या छायेत वाढलेल्या मित्रमंडळींची बोलायची हीच रीत होती, त्यामुळे विनोद काढून टाकला तर गांभीर्य वाढत नाही, फक्त माणसं परकी होतात. मराठीत या विषयावर बोलताना आपला सूर लगेच पडतो, खाली मान घालून, दबक्या आवाजात. तो सूर टिपणात शिरू देऊ नका.

८. प्रतीकं जपून

नायक माळी आहे. म्हणजे बाग जीवनाचं प्रतीक, रोप आशेचं, छाटणी दुःखाची, असं भराभर लिहावंसं वाटेल. लिहू नका. आधी बागेचा प्रत्येक उल्लेख तपासा: इथे माती, पैसे, गिऱ्हाईक, पाठदुखी आहे की अर्थ? बहुतेक जागी माती आणि गिऱ्हाईकच निघेल. उरलेल्या दोन-तीन जागांवर अर्थ लावा, तेवढा पुरतो.

९. स्वतःचे शब्द तपासा

टिपण पूर्ण झालं की ते परक्याचं समजून वाचा. सुझन सोंटॅगनं १९८९ मध्ये एड्सभोवतीच्या रूपकांवर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यात युद्धाच्या भाषेवर तिचा मोठा आक्षेप आहे. आपल्या वहीत 'झुंज', 'बळी', 'मात', 'विळखा' किती वेळा आलं ते मोजा आणि जमेल तिथे काढा. 'एड्सग्रस्त' लिहिलं असेल तर त्या जागी 'एचआयव्हीसह जगणारा' लिहा. एचआयव्हीची लागण आणि एड्स ही एकच गोष्ट नाही, आणि या कादंबरीचा सगळा पाया त्या फरकावर उभा आहे. बेनला मायकेल नवरा म्हणतो, तेव्हा तुम्हीही 'साथीदार' लिहून तो शब्द मऊ करू नका. पुस्तक आलं त्या वर्षी कॅलिफोर्नियाचा कायदा तो शब्द मानत नव्हता. पात्र तरीही तो वापरतं, म्हणून तो टिकवायचा.

१०. शेजारी दुसरं पुस्तक ठेवा

शेवटची पायरी तुलनेची. एर्व्हे गिबेर या फ्रेंच लेखकाची १९९० सालची, मित्रानं आपल्याला वाचवलं नाही असं नावातच सांगणारी कादंबरी मिळाली तर उत्तम. तीही 'मी'च सांगतो, पण त्या 'मी'पुढे १९९६ नाही. गिबेर डिसेंबर १९९१ मध्ये गेला. दोन्ही पुस्तकांतला एकेक परिच्छेद शेजारी ठेवला की वेळ कुठे संपत आली आहे आणि कुठे शिल्लक आहे ते वाक्यांच्या लांबीतही जाणवेल.

फ्रेंच पुस्तक मिळालं नाही तर दिग्दर्शक ओनीरचा २००५ सालचा 'माय ब्रदर निखिल' हा चित्रपट पाहा. गोव्याच्या डॉमिनिक डिसोझाच्या आयुष्यावरून तो सुचला. या तरुणाला १९८९ मध्ये एचआयव्ही आहे म्हणून पकडून टीबीच्या जुन्या रुग्णालयात ६४ दिवस कोंडलं होतं. १९९२ मध्ये तो गेला. चित्रपटात बहीण, वकील, आईवडील असे सगळे कॅमेऱ्याकडे पाहून आठवणी सांगतात. सांगणारे अनेक आहेत, कारण ज्यानं 'मी' म्हणायचं तो उरलेला नाही. दुसऱ्या पायरीतला प्रयोग इथे उलट करून पाहा: निखिलनं स्वतः, पंचावन्नाव्या वर्षी, हीच गोष्ट सांगितली असती तर त्यात काय आलं असतं? अर्धं पान पुरे.

बैठकीच्या दिवशी पट्टी भिंतीला लावा. पहिल्या पानाचा प्रसंग कुणाला तरी मोठ्यानं वाचायला सांगा आणि चर्चेची सुरुवात ज्यांनी आधीचे सहा भाग वाचलेले नाहीत त्यांच्यापासून करा. वाचलेल्यांना आधी बोलू दिलंत तर ते जॉनबद्दल सांगत बसतील आणि दोन्ही मोकळ्या जागा भरून टाकतील.